घरातला डेटा खर्च करतं कोण?

महिन्याला ३३०० जीबी. मोठ्या कंपन्यांच्या फायबर योजनांच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत 'अनलिमिटेड' असतं आणि खाली अटींच्या बारीक अक्षरांत हा आकडा असतो. तो वाचून कुणीही म्हणेल, चार माणसांच्या घराने एवढा डेटा संपवायचा तरी कसा? नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने एचडी दर्जाच्या सिनेमाला तासाला साधारण ३ जीबी लागतात. म्हणजे ११०० तासांचा ऐवज झाला, आणि महिन्यात तास असतात ७२०. मग कॉम्प्युटरने किती डेटा घेतला हे बघत बसायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं मात्र उलटं आहे. डेटा मुबलक झाला म्हणून हिशेब सोडून देऊ नये, फक्त तो कशासाठी ठेवायचा ते बदलावं. पूर्वी बिल वाढू नये म्हणून मोजत होतो. आता घरातली यंत्रं आपल्याला न विचारता काय आणतात आणि काय पाठवतात, हे कळावं म्हणून मोजायला हवं. शिवाय ३३०० जीबी ज्यांच्या नशिबी नाहीत, अशी घरं महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

वीस वर्षांपूर्वी हा हिशेब घरोघरी तोंडपाठ असे. २००५ साली बीएसएनएलचं 'डेटावन' आलं. सुरुवातीच्या स्वस्त योजनांत महिन्याची मर्यादा काही शे एमबीपासून एक-दोन जीबीपर्यंत असायची आणि त्यावरच्या प्रत्येक एमबीला पैसे पडायचे. पुढे काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोफत झाला आणि एक अख्खी पिढी निशाचर झाली. डाउनलोड मॅनेजरला दोन वाजून पाच मिनिटांची वेळ लावायची आणि आठ वाजायच्या आत तो बंद होईल अशी तजवीज करून झोपायचं. दोनच्या ठोक्याला कुणी सुरू करत नसे, कारण आपलं घड्याळ आणि एक्स्चेंजचं घड्याळ जुळेलच याची खात्री नव्हती. महिनाअखेरीला पोर्टलवर लॉगिन करून वापर बघणं हे घरातल्या एकाकडे लागलेलं काम असे आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी व्हिडिओ लावत नसे.

त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. तो टंचाईचा काळ होता आणि टंचाईत काही रम्य नसतं. पण रात्रीच्या त्या मोफत सहा तासांत एक प्रामाणिकपणा होता, तो पुढच्या योजनांत राहिला नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याचा खर्च तुम्ही महिन्याला एकूण किती जीबी घेता यापेक्षा कधी घेता यावर जास्त अवलंबून असतो. रात्री नऊला सगळा तालुका एकदम ऑनलाइन येतो, त्या गर्दीच्या तासाला पुरेल एवढी क्षमता त्याला उभी करावी लागते. पहाटे चारला तीच क्षमता रिकामी पडून असते आणि ती साठवून ठेवता येत नाही. विजेचंही बरंचसं असंच असतं. म्हणून तर उद्योगांना वेळेनुसार वेगळा वीजदर असतो. डेटाची एकूण महिन्याची मर्यादा ही त्यामुळे खर्चाचं माप म्हणून फारशी कामाची नाही. ती आहे सोयीची. मोजायला सोपी, जाहिरातीत लपवायला त्याहून सोपी.

थोडं गणित करून पाहू. ३३०० जीबी तीस दिवसांवर सारखे पसरले, तर सरासरी वेग निघतो साधारण १० एमबीपीएस. १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चालवलं तर ही मर्यादा तीन दिवस आणि एक-दीड तासात संपते. ३०० एमबीपीएसचं असेल तर जेमतेम एका दिवसात. म्हणजे जास्त पैसे मोजून तुम्ही जो वेग घेता, त्यातून त्याच मर्यादेला लवकर धडकण्याची सोय होते. प्रत्यक्षात एवढं कुणी ओढत नाही, हे मान्य. पण जी गोष्ट विकली आणि जी मोजली, त्या दोन वेगळ्या आहेत एवढं यातून दिसतं.

ग्राहकाच्या बाजूने कुणी काही केलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१६ च्या शेवटी ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना आदेश दिला: मर्यादा किती, तिच्याआधी वेग किती, नंतर किती, हे स्पष्ट सांगा, वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर गेला की ग्राहकाला कळवा, मर्यादेनंतरही घरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला तेव्हा तेवढाच वेग लागत होता. २००४ च्या धोरणात तो २५६ होता, २०१३ मध्ये ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर गेला. चांगला आदेश होता. पण '९० टक्के वापर झाला' हा मेसेज येतो, तेव्हा घरात पुढचा प्रश्न एकच असतो: कुणी केला? त्याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नसतं. कंपनीच्या मीटरला घराचा एकच आकडा दिसतो. मग नेहमीचा आरोपी ठरलेला असतो. घरात सगळ्यात लहान जो असेल तो, किंवा नुकता येऊन गेलेला पाहुणा.

पुष्कळदा दोघंही निर्दोष असतात.

२९ जुलै २०१५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० आणलं. जुन्या विंडोजवाल्यांना ते फुकट मिळणार होतं, त्यासाठी कोपऱ्यात एक चिन्ह दिसायचं आणि नाव नोंदवता यायचं. ज्यांनी नोंदवलं नाही अशांच्या कॉम्प्युटरवरही ते गुपचूप उतरवून ठेवलेलं सापडू लागलं. लपवलेल्या फोल्डरमध्ये साडेतीन ते सहा जीबी. कंपनीने ते कबूल केलं. लोकांनी ठरवलंच तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून आम्ही तयारी करून ठेवतो, असा एकंदर सूर होता. त्याच विंडोज १० मध्ये आणखी एक व्यवस्था होती. तुमच्या कॉम्प्युटरवर आलेलं अपडेट तुमच्याच कनेक्शनवरून इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरना पाठवलं जायचं. घरगुती आवृत्तीत ती सुरुवातीपासून चालू होती. बंद करायची तर आधी ती आहे हे कळायला हवं, मग सेटिंग्जच्या पोटात चार पायऱ्या उतरून बटण शोधायला हवं. त्या वर्षी आपल्याकडे पाच-दहा जीबीनंतर वेग पाडणाऱ्या योजना सर्रास होत्या. एका कंपनीने तिचं वितरणाचं ओझं तुमच्या तारेवर टाकलं आणि त्याचा आकडा तुमच्या मीटरवर चढला.

यात कुणाचा दुष्टावा होता असं मला वाटत नाही. ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याच्या टेबलावर येणारी तार कुणी मोजत नसणार. बिन-मोजलेल्या तारेवर बसलेल्या माणसाने जगातल्या सगळ्या तारा तशाच धरल्या, एवढंच झालं. पण परिणामाच्या बाजूने बघितलं तर घराच्या खिशातून खर्च करायचा अधिकार एका अशा माणसाकडे गेला, ज्याला त्या घराची ऐपत माहीत नाही आणि विचारायची गरजही वाटली नाही. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. पाच जीबी गेले की पन्नास, हे दुय्यम.

यावर जो आक्षेप येतो तो वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. अपडेट आपोआप झाली नाहीत तर लोक ती करत नाहीत, आणि मग काय होतं हे मे २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ज्या भोकातून शिरकाव केला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. तेव्हा डेटा वाचवायचा म्हणून अपडेट कायमचं बंद करून टाकणारे हुशार लोक स्वतःच्या आणि इतरांच्याही पायावर धोंडा पाडून घेतात. पण लगेच पुढच्या महिन्यात दुसरी बाजूही दिसली. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेत्या आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि जगभर फिरत आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प करून गेला. अपडेट म्हणून येणारी प्रत्येक गोष्ट डोळे मिटून आत घ्यावी, हा निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही. अपडेट यावंच. ते केव्हा यावं, कुठल्या कनेक्शनवरून यावं आणि जाताना आपल्या तारेचं काय भाडं घेऊन जावं, हे घराने ठरवावं. ठरवायचं तर आधी दिसायला हवं.

आणि दिसतं काय? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथे डेटा युसेज. गेल्या तीस दिवसांत कुठल्या प्रोग्रामने किती घेतलं याची यादी येते. वर बहुधा ब्राउझर असतो. त्याने कुठल्या साइटसाठी किती घेतलं ते कळत नाही, पण निदान तो आपण उघडला होता. खाली कुठेतरी 'सिस्टम' नावाची ओळ असते आणि तिथे आकडा कधी कधी डोळे विस्फारायला लावतो. 'सिस्टम' म्हणजे कोण, याला उत्तर नाही. त्यातही गंमत अशी की घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर लग्नाचे फोटो कॉपी केले, तरी तो आकडा यात धरला जातो, जरी त्यातला एक बाइटही घराबाहेर गेलेला नसतो. मॅकच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधली बेरीज कॉम्प्युटर सुरू केल्यापासूनची, महिन्याची नव्हे. लिनक्सवाल्यांकडे व्हीएनस्टॅट नावाचं छोटं साधन आहे, ते दिवसवार आणि महिनावार नोंद चोख ठेवतं. पण लिनक्सवाल्यांना हे सांगायची गरज नसते आणि इतरांना सांगून उपयोग नसतो. कंपनीचा आकडा या कशाशीच जुळत नाही. अनेक योजनांत उतरवलेला आणि चढवलेला डेटा मिळून मोजतात, आणि कॅमेरा लावलेल्या घरांना हे फार उशिरा कळतं. सतत २ एमबीपीएसने क्लाउडवर चित्रण पाठवणारा एकच कॅमेरा महिन्याला साडेसहाशे जीबीच्या घरात जातो. शिवाय विंडोजचा जीबी १०२४ च्या पटीतला, आणि १००० च्या पटीतल्या जीबीहून तो सुमारे सात टक्क्यांनी मोठा. विजेच्या मीटरवर संशय आला तर तपासणीसाठी अर्ज करता येतो. डेटाच्या बाबतीत ग्राहकाकडे असतो स्वतःचा एक स्क्रीनशॉट, आणि तो का जुळत नाही हे समजावून सांगणारा कॉल सेंटरवरचा एक थकलेला आवाज.

म्हणून मला मोजमापाच्या साधनांपेक्षा एक साधं बटण जास्त मोलाचं वाटतं. विंडोजमध्ये ते 'मीटर्ड कनेक्शन' या नावाने आहे. ज्या वायफायवर आहात त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते चालू केलं की विंडोजला कळतं, इथे मोजून मिळतं. मग मोठी अपडेट थांबतात, अत्यावश्यक तेवढी येतात, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधल्या ॲपची आपोआप होणारी अपडेट थांबतात, वनड्राइव्हलाही थांबवता येतं. मोजून झाल्यावर हळहळण्यापेक्षा आधी विचारायला लावणारं हे बटण आहे. पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, बाकीच्या सॉफ्टवेअरवर त्याचं बंधन नाही. ब्राउझर ते मानेलच असं नाही, आणि शंभर-शंभर जीबीचे गेम पुरवणाऱ्या स्टीमचं वेळापत्रक त्याच्याच सेटिंग्जमध्ये वेगळं लावावं लागतं. दुसरी मर्यादा मला जास्त खुपते. मोबाइलचं सिम थेट कॉम्प्युटरमध्ये असेल तर विंडोज ते कनेक्शन आपणहून मीटर्ड धरतं, पण वायफाय मात्र मुळात अमर्याद धरून चालतं. आणि आपल्याकडे लाखो लॅपटॉपना इंटरनेट मिळतं ते फोनच्या हॉटस्पॉटवरून. लॅपटॉपच्या दृष्टीने ते वायफायच.

तालुक्याच्या गावापासून दहा-बारा किलोमीटर आत असलेलं घर घ्या. फायबर फाट्यापर्यंत आलं आहे, वाडीपर्यंत नाही. मुलीला कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे, दाखले स्कॅन करून चढवायचे आहेत. भावाच्या फोनवर दिवसाला दीड जीबीचं पॅक, ते रात्री बाराला नवं होतं. "दादा, हॉटस्पॉट दे ना." आठवड्याने उघडलेला लॅपटॉप नेट दिसताच साठलेली सगळी अपडेट घ्यायला बसतो. २० एमबीपीएसचा वेग मिळाला तर दीड जीबी संपायला दहा मिनिटं पुरतात. अर्जाचं पहिलं पान भरून होईस्तोवर फोनवर मेसेज येतो की आजचा डेटा संपला, आणि वेग येतो ६४ केबीपीएसवर. या वेगाने ५०० एमबीचं एक अपडेट उतरवायला सतरा तासांवर वेळ लागेल; दाखल्याचा स्कॅन चढवताना साइटचं सेशनच संपतं. मग आणखी एक व्हाउचर मारायचं. घरात बोलणी कुणाला बसतात, सांगायला नको. यूट्यूबचा 'ऑटो' दर्जासुद्धा असाच चालतो. लाइनचा वेग बघतो, चांगला दिसला की दर्जा वाढवतो. त्या वेगामागे दिवसाचा किती शिधा उरला आहे, हे तो विचारत नाही.

विचारता येत नाही अशातला भाग नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताना व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं की मोबाइल नेटवर्कवर काही आठवडे दर्जा ४८० पीच्या वर जाऊ द्यायचा नाही. नेटवर्कवर ताण येईल अशी भीती होती, म्हणून एका निर्णयाने ते झालं. म्हणजे जाळ्याच्या क्षमतेचा प्रश्न आला तेव्हा वापर आवरायची युक्ती तयार होती. घराच्या क्षमतेचा प्रश्न रोजच असतो, त्यासाठी मात्र ग्राहकाने 'जागरूक' व्हायचं. काही ठराविक साइट मोजणीतूनच वगळाव्यात हा उपायही सुचवला गेला होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने तो दरवाजा बंद केला आणि ते बरंच झालं, नाहीतर फुकट कोणतं हे ठरवणारा आणखी एक परका मालक घरात आला असता.

आता उरला घरातलाच मालक. नवे राऊटर फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक यंत्राचा वापर दाखवतात: कुठला लॅपटॉप, किती जीबी, किती वाजेपर्यंत. काहींमध्ये कुठल्या साइटची नावं विचारली गेली तेही दिसतं. ॲप असतं बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या फोनवर. डेटा कुठे जातो हे शोधायला म्हणून उघडलेलं पान मग सून रात्री एकपर्यंत कुणाशी बोलत होती आणि मुलगा अभ्यासाच्या नावाखाली काय बघत होता, या चौकशीचं साधन होतं. कायदा इथे मदतीला येत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच नाही. त्यामुळे रेघ घरानेच आखायची आहे. माझी रेघ अशी: यंत्राचा आकडा मोजावा, माणसाच्या साइट मोजू नयेत. लॅपटॉपने रात्री तीनला चाळीस जीबी घेतले हे कळणं पुरेसं आहे, कारण तेवढ्यावरून गुन्हेगार सॉफ्टवेअर सापडतं. आणि आकडा मोजायचाच असेल तर तो घरातल्या सगळ्यांना दिसावा, मोजणाऱ्याच्या स्वतःच्या फोनच्या आकड्यासकट. लहान मुलांसाठी वेळेचं बंधन घालायला माझी हरकत नाही, पण ते सांगून घालावं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. त्या उपायाच्या टिकाऊपणाबद्दल वाद घालता येईल, पण भोंगा सगळ्यांना ऐकू येतो आणि सरपंचाच्या घरालाही लागू असतो. राऊटरच्या ॲपमधून मुलाचं नेट गुपचूप मंद करून 'आज लाइनच खराब आहे' म्हणणाऱ्या बापापेक्षा तो केव्हाही बरा.

मागायचंच असेल तर फार काही मागायला नको. कॉम्प्युटरने नव्या वायफायला पहिल्यांदा जोडून घेताना पासवर्डबरोबर एक प्रश्न विचारावा: इथे डेटा मोजून मिळतो का? उत्तर येईपर्यंत मोजून मिळतो असंच धरावं; चुकलंच तर अपडेटला एक दिवस उशीर होईल, कुणाचा प्रवेशअर्ज अडणार नाही. कंपन्यांनी वापराचा आकडा दिवसवार आणि चढता-उतरता वेगळा दाखवावा. तो त्यांच्याकडे असतोच, नाहीतर मर्यादा लावतात कशी? आणि जिथे केबलवालाच इंटरनेट देतो, तिथेही हाच नियम असावा, कारण तिथे तर पुष्कळांना आपल्या योजनेची मर्यादा किती हेच त्याला फोन करून विचारावं लागतं.

तोपर्यंत हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपचं मीटर्डचं बटण आधी चालू करायचं आणि मग ब्राउझर उघडायचा. ते बटण प्रत्येक नेटवर्कच्या नावाशी बांधलेलं असतं. भावाने हॉटस्पॉटचं नाव बदललं किंवा त्या दिवशी वहिनीचा फोन घेतला, तर ते पुन्हा चालू करावं लागतं.